आणखी काही घेता का?

डॉक्टरांच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. नाडी पाहून झाली, कागदावर गोळ्या लिहून झाल्या, की ते लिहिता लिहिताच विचारतात, "याशिवाय आणखी काही औषध चालू आहे का?" आणि आपल्या घरातली बाई, शिकलेली असो वा नसो, सहज सांगते, "नाही, काही नाही." ती खोटं बोलत नसते. फजरनंतर मधातून चाटलेली कलौंजी, जेवणानंतरचं ओव्याचं पाणी, मुलाने दुबईहून पाठवलेल्या लसणाच्या कॅप्सूल, झोपताना घेतलेला इसबगोल, यातलं काहीच तिच्या लेखी औषध नसतं. औषध म्हणजे मेडिकलमधून आणलेली गोळी. बाकी सगळं खाणं, नुस्खा, सुन्नत किंवा नुसती सवय.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इतक्या वर्षांत प्रश्नपत्रिका काढून एवढं कळलं आहे की प्रश्नाचा शब्द चुकला तर हुशार मुलाचंही उत्तर चुकतं. "औषध" हा शब्द असाच आहे. त्यात जे बसत नाही ते उत्तरात येत नाही, आणि जे उत्तरात येत नाही त्याची डॉक्टरांना खबर नसते.

आमच्या घरी हे फार जवळून पाहायला मिळालं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या अम्मींना, लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला होता. त्या तापाने हृदयाची झडप खराब होते, आणि त्रास सुरू होतो पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी. अम्मींची झडप ९ वर्षांपूर्वी बदलली. नवी झडप धातूची. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ही गोळी मोठी नाजूक. कमी पडली तर गुठळी, आणि गुठळी मेंदूकडे गेली तर लकवा. जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून महिन्या-दीड महिन्याने रक्त तपासून आय.एन.आर. नावाचा आकडा पाहतात. तुमचा-माझा तो १ च्या आसपास असतो. अम्मींचा २.५ ते ३.५ च्या मध्ये राहावा असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि अल्हम्दुलिल्लाह, तो राहतही होता.

गेल्या बकरी ईदनंतर दोन आठवड्यांनी वजूच्या वेळी अम्मींच्या थुंकीत रक्त दिसू लागलं. "मिसवाक नया है, कडक है," म्हणून त्यांनी विषय संपवला. पण दंडावर निळे-काळे डाग उमटले होते आणि कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्याच दिवशी रक्त तपासलं. आकडा आला ६.८. डॉक्टरांनी गोळी लगेच थांबवायला सांगितली, दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं, आणि विचारलं, "नवीन काय सुरू केलंत?" अम्मी म्हणाल्या, "कुछ नहीं."

त्या संध्याकाळी मी शंभर पानी वही घेऊन अम्मींजवळ बसले. औषधाचं नाव काढलं नाही. विचारलं ते असं: फजरला उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं? मग काय? नाश्त्याआधी काय, नाश्त्यानंतर काय? जुहरपर्यंत काय? गुडघा दुखला तर काय लावता, काय खाता? पोट बिघडलं होतं तेव्हा काय घेतलं, कुणी दिलं? इशानंतर काय? पाच नमाजांच्या वेळांवर दिवस टांगला की काही सुटत नाही, कारण आपल्या वडीलधाऱ्यांचा दिवस घड्याळापेक्षा अजानवर चालतो. डॉक्टरांच्या कागदावर ५ औषधं होती. वहीत १४ गोष्टी झाल्या.

माझा दीर इंजिनिअर आहे. यादी पाहताच तो कलौंजीवर घसरला. "हेच ते, मी कधीपासून सांगतोय!" अम्मींचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वही वाचली आणि बोट ठेवलं ते भलतीकडेच. ईदनंतर पोट बिघडलं म्हणून अम्मींनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या मागवल्या होत्या, पाच दिवसांच्या. त्या मेट्रोनिडॅझोलच्या होत्या, जुलाबावर आपल्याकडे सर्रास दिल्या जातात त्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निचरा यकृत करतं. मेट्रोनिडॅझोल हा निचरा मंद करते. म्हणजे गोळी रोज तेवढीच, पण आदल्या दिवशीची पुरती संपायच्या आत आजची आत येते, आणि असर चढत जातो. काही बुरशीच्या गोळ्या आणि सल्फाची काही औषधंही हेच करतात. क्षयरोगावरची रिफॅम्पिसिन नेमकं उलट करते. ती निचरा वाढवते, आणि रक्त घट्ट होऊ लागतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही तिच्यामुळे कमी होतो, हे तरुण जोडप्यांना सहसा कुणी सांगत नाही.

दुसरं बोट गुडघ्याच्या गोळीवर. शेजारच्या खालांनी आपल्या पाकिटातून चार काढून दिल्या होत्या, डायक्लोफेनॅकच्या. दुखणं थांबवणारी ही गोळी पोटाच्या अस्तराला सोलते आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्सनाही सुस्त करते. आधीच पातळ रक्त असलेल्या माणसाच्या पोटात जखम करण्यासारखंच ते. तिसरं बोट दुबईच्या लसणावर. भाजी-सालनातला लसूण चालतो, पण कॅप्सूलमध्ये तो आटवून भरलेला असतो, आणि लसणातही प्लेटलेट्सना चिकटू न देण्याचा गुण आहे.

म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी मेडिकलच्या निघाल्या. घरातला वाद निम्मा तिथेच मिटला. देशी औषध विरुद्ध इंग्रजी औषध अशी कुस्ती लावून आपण वेळ घालवतो. शरीरात गेल्यावर कोण कुठून आलं हे यकृत विचारत नाही.

तरी अम्मींचा मुद्दा उरला होता, आणि तो अनेक घरांतला आहे. "ये तो जडी-बूटी है, इससे क्या नुकसान?" त्यांना मी त्यांच्याच गोळीची गोष्ट सांगितली. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गाई-गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापलं किंवा साधी जखम झाली तरी रक्त थांबत नव्हतं. शोध घेतला तेव्हा दिसलं की गुरांनी खाल्लेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गोडसर वासाचं गवत ओल लागून बुरसटलं होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गवतातलं रक्त पातळ करणारं द्रव्य वेगळं काढलं. त्यावरूनच पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारायला विकलं गेलं, आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागलं. अम्मी घेतात ती गोळी याच कुळातली. गवताचीच नात म्हणा! अम्मी बराच वेळ गोळीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मतलब ये भी जडी-बूटीच है?"

तेच तर. ज्यात असर आहे त्याचा दुसऱ्या असराशी संबंध येणारच. कलौंजीत काही नाहीच असं मानलं तर प्रश्नच नाही. पण आपण तर तिच्यात शिफा आहे असं मानतो. प्रेषितांनी (स.) काळ्या दाण्याची तारीफ केली आहे, हे हदीस आपल्यात लहान मुलांनाही ठाऊक असतं. मग जी गोष्ट आपण ताकदवान मानतो तिला डॉक्टरांपासून लपवण्याइतकी किरकोळ कशी समजायची? कलौंजीने रक्तातली साखर आणि रक्तदाब काही प्रमाणात उतरतो, असं छोट्या-छोट्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. ज्याला साखर उतरवण्याची गोळी चालू आहे त्याने मग दोन्हींची बेरीज धरायला हवी. अम्मींच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितलं की रोटीवर किंवा मधात चिमूटभर दाणे खुशाल घ्या, तेलाच्या कॅप्सूल मात्र नको. सुन्नत सुटली नाही. अम्मींना एवढंच हवं होतं, आणि ते ऐकायला त्या नऊ वर्षं डॉक्टरांसमोर गप्प बसल्या होत्या, कारण "तो हसेल" असं त्यांना वाटत होतं. डॉक्टर हसले नाहीत. काही डॉक्टर हसतात, तुच्छतेने बोलतात, हेही खरं आहे. अशा वेळी पेशंट पुढच्या खेपेला गप्प राहायला शिकतो आणि दोघांचंही नुकसान होतं.

अम्मींच्या वहीत आणखी एक गोष्ट होती, अजून न झालेली. ननंदेच्या ओळखीतल्या एका बाई घरी येऊन हिजामा करतात. येत्या चांद्र महिन्याच्या १७ तारखेला त्यांना बोलावलेलं होतं. आकडा ६.८ असलेल्या बाईच्या पाठीवर पात्याने चिरे! मी काही बोलले असते तर सुनेचं बोलणं म्हणून घरात वेगळाच रंग चढला असता. म्हणून आम्ही अम्मींना आमच्या भागातल्या युनानी डॉक्टरांकडे नेलं. पदवी घेतलेले, वयस्क, घरात सगळे त्यांना हकीमसाहेब म्हणतात. त्यांनी नाडी धरायच्या आधी विचारलं, "खून पतला करने की गोली चालू है क्या?" हो म्हटल्यावर म्हणाले, "फिर हिजामा नहीं. सुई भी सोच समझ के." विषय संपला. ननंदेनेच त्या बाईंना फोन करून नको म्हणून कळवलं.

हकीमसाहेबांनी त्या दिवशी मला त्यांचं एक जुनं उर्दू पुस्तक उघडून दाखवलं, मुफरद दवांचं. मुफरद म्हणजे एकेकटं औषध, मिश्रण नव्हे. त्यात प्रत्येक वनस्पतीखाली ठरलेले रकाने आहेत. मिजाज, अफआल म्हणजे गुण, मिकदारे खुराक म्हणजे किती घ्यायचं. आणि मग येतो मुजिर, म्हणजे कुणाला, कोणत्या अवयवाला अपाय करतं. त्यापुढे मुस्लेह, म्हणजे तो अपाय कमी करायला सोबत काय द्यायचं. उर्दूची शिक्षिका असून हे रकाने मी पहिल्यांदाच इतक्या लक्षपूर्वक वाचले. आपल्या तिब्बच्या जाणकारांनी शेकडो वर्षं "अपाय" हा रकाना कधी रिकामा सोडला नाही. "जडी-बूटीचा काही अपाय नसतो" हे वाक्य हकिमांचं नाहीच, ते जाहिरातवाल्यांचं आहे. हकीम अजमल खान यांनी असरोल, म्हणजे सर्पगंधा, रक्तदाबावर वापरली. १९३१ मध्ये सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी त्याच मुळातून काढलेल्या एका द्रव्याला त्यांच्या नावावरून अजमलीन नाव दिलं. ते आज हृदयाच्या ठोक्यांसंबंधीचं औषध म्हणून ओळखलं जातं, आणि ते कुणी चमच्याने अंदाजे मोजून देत नाही.

हकीमसाहेबांनी वहीतली एक ओळ मात्र लाल पेनाने खोडली. हिवाळ्यात खोकल्यासाठी अम्मी मुलेठीचा, म्हणजे ज्येष्ठमधाचा जोशांदा महिनाभर घेत. अम्मींना डिगॉक्सिन आणि लघवीची गोळीही चालू आहे. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. लघवीच्या गोळीनेही पोटॅशियम उतरतं. आणि पोटॅशियम उतरलेल्या शरीरात डिगॉक्सिन विषारी होऊ शकतं, ठोके बिघडतात. तीन साध्या गोष्टी एकमेकींचा हात धरतात ते असं. आता अम्मींच्या खोकल्याला गरम पाणी, वाफ आणि चमचाभर मध.

ही वही मी स्टाफरूममध्ये दाखवली तेव्हा जो तो आपल्या घरचं सांगू लागला. एका सहकारी बाईंची थायरॉईडची गोळी दोनदा वाढवूनही तपासणीचा आकडा जागचा हलत नव्हता. त्या सकाळी थायरॉईडची गोळी, कॅल्शियम आणि लोहाची गोळी असं सगळं एकाच घोटात घेत होत्या, "विसरायला नको" म्हणून. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात जात नाही. मध्ये ४ तासांचं अंतर हवं. अंतर ठेवलं, आकडा जागेवर आला. इसबगोलचंही तसंच. तो फुगतो आणि सोबतच्या गोळ्यांना आपल्या चिकट पाण्यात गुंडाळून ठेवतो, म्हणून गोळी आणि इसबगोल यांच्यात दोन तास तरी जाऊ द्यावेत. इथे कोणतीच गोष्ट सोडायची नसते, फक्त वेळ हलवायची असते.

आणि म्हणूनच रमजानच्या आधी एकदा बसायला हवं. अकरा महिने दिवसभर पसरलेल्या गोळ्या रमजानमध्ये इफ्तार ते सहरीच्या थोड्या तासांत कोंबल्या जातात. थायरॉईडची गोळी दूध-खजुराबरोबर, कॅल्शियम लगेच मागे, तरावीहनंतर इसबगोलसोबत रक्तदाबाची. साखरेच्या पेशंटचं तर विचारूच नका. सहरीला ग्लिमेपिराइडसारखी गोळी, वर "रोजा सोपा जावा" म्हणून कारल्याचा रस नाहीतर मेथीची पूड. मग असरच्या सुमारास घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा अशक्तपणा रोज्याचा नव्हे, साखर उतरल्याचा असतो, आणि अशा वेळी रोजा सोडण्याची शरिअतने सवलत दिली आहे. गोळ्यांच्या नव्या वेळा डॉक्टरांकडून शाबानमध्येच लिहून घ्याव्यात. पहिल्या रोज्याच्या दिवशी दवाखान्यात जागा नसते.

रक्तदाबवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण ती कुणालाच औषध वाटत नाही: "लो सोडियम" मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव "प्रिल" किंवा "सार्टन" वर संपतं, किंवा ज्यांची किडनी अशक्त आहे, त्यांचं पोटॅशियम आधीच चढं राहू शकतं. अम्मींच्या बाबतीत उतरण्याची भीती, इथे चढण्याची. एकाच्या घरचं दुसऱ्याला लागू पडत नाही ते यामुळेच.

पुडीतल्या पांढऱ्या-तपकिरी चूर्णाबद्दल मात्र मी कडक आहे. गुडघे दोन दिवसांत मोकळे करणारं, दमा तीन दिवसांत बसवणारं, नाव नसलेलं, लेबल नसलेलं चूर्ण. अशा चूर्णांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. स्टिरॉइडने साखर भडकते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर जीवावर बेततं. युनानी आणि आयुर्वेदिक औषधांनाही आपल्या कायद्याने परवाना लागतो. डबीवर परवाना क्रमांक, घटकांची नावं आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ते हकिमी औषध नव्हे. ज्याला वैद्यकाचं ज्ञान नाही त्याने इलाज केला आणि नुकसान झालं तर जबाबदारी त्याच्यावर, अशा आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. शेजारणीला आपल्या पाकिटातली गोळी काढून देताना ती आठवावी.

वही कशी ठेवायची, असं बऱ्याच जणी विचारतात. फार काही नाही. डाव्या पानावर रोजचं सगळं, अजानच्या क्रमाने, गोळी असो की काढा, आणि ते कोणी सांगितलं हेही. उजव्या पानावर जे अधूनमधून घेतलं ते, तारखेसह. अँटिबायोटिक असेल तर त्याखाली रेघ. रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन किंवा साखरेची गोळी, फिटची गोळी, डिगॉक्सिन, किडनी बदललेल्यांची औषधं, यांपैकी काही घरात कुणाला चालू असेल तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत, मेडिकलवाल्यालाही दिसेल असं. पालेभाजी लिहायची का? रक्त पातळ करणारी गोळी असेल तर हो. पालक, मेथी, कोथिंबिरीत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं. भाजी बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच ठेवायची. औषधाने अपाय झाल्याचा संशय आला तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, तिथेही नोंद करता येते.

अम्मींचा आकडा तिसऱ्या आठवड्यात ३.१ वर आला आणि तेव्हापासून तो हद्दीत आहे. ननंद गेल्या महिन्यात उमरा करून आली. जमजम, अजवा खजूर, आणि अम्मींसाठी खास मदिन्याहून आणलेली कलौंजीच्या तेलाची बाटली. अम्मींनी ती डोळ्यांना लावली, झाकण उघडून वास घेतला, आणि कोनाड्यात ठेवली. वहीत नोंद झाली आहे. पुढची तपासणी २० तारखेला आहे. चमचाभर पोटात घेणं तर होणार नाही, पण गुडघ्याला चोळायला चालेल का, एवढं विचारायचं आहे.